कार्लो स्कार्पा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्कार्पांबद्दल एकदा काही लिहिलं की पुढे महिनाभर प्रश्न येत राहतात. आर्किटेक्चरच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांचे, इटलीची सहल ठरवणाऱ्यांचे, आणि मधूनच एखादा तिखट: "या माणसाने बांधलंय तरी काय?" तेच ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडनिडे नंतर. कोणतंही उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. दोन प्रश्नांची उत्तरं एकमेकांत शिरत होती तिथे क्रमांक दिला आहे.

१. कार्लो स्कार्पा कोण होते? थोडक्यात सांगा.

विसाव्या शतकातले इटालियन वास्तुरचनाकार. जन्म २ जून १९०६, व्हेनिस. मृत्यू २८ नोव्हेंबर १९७८, जपानमधलं सेंदाई. काचेच्या वस्तू घडवल्या, चित्रप्रदर्शनांची मांडणी केली, जुन्या वास्तूंमध्ये संग्रहालयं उभी केली, आणि व्हेनिसच्या वास्तुकला संस्थेत अनेक दशकं शिकवलं. त्यांचं बरंचसं काम ईशान्य इटलीतल्या व्हेनेतो प्रांतात, म्हणजे घरापासून रेल्वेने दोनेक तासांच्या आत आहे. टोलेजंग इमारत एकही नाही. तरी दाराची मूठ, जिन्याची पायरी किंवा फरशीची कड कशी असावी यावर वर्गात चर्चा निघाली की त्यांचं नाव निघतंच.

२. शिक्षण कुठे झालं? घरची परिस्थिती कशी होती?

लहानपण बरंचसं विचेन्झात गेलं. तिथे रस्त्यारस्त्यावर सोळाव्या शतकातला वास्तुकार पाल्लादिओ याच्या इमारती, त्यामुळे खांब आणि कमानी शाळेआधीच डोळ्यांत बसल्या असणार. १९१९ मध्ये आई गेली आणि कुटुंब व्हेनिसला परतलं. तिथल्या ललित कला अकादमीतून १९२६ मध्ये त्यांनी वास्तुरेखनाची पदविका घेतली. त्याच वर्षी प्राध्यापक ग्विदो चिरिल्ली यांचे साहाय्यक म्हणून शिकवायला सुरुवातही केली. १९३४ मध्ये ओनोरिना लाझ्झारी यांच्याशी लग्न झालं, पुढच्या वर्षी मुलगा तोबिया. (तोबियाबद्दल प्रश्न १७.)

३. ते आर्किटेक्ट नव्हतेच, असं वाचलं. खरं का?

कागदोपत्री खरं आहे. इटलीत १९२३ च्या कायद्याने 'आर्किटेक्ट' या पदवीला संरक्षण मिळालं आणि व्यावसायिकांची नोंदणी सुरू झाली. स्कार्पांकडे अकादमीची पदविका होती, पण नोंदणीसाठी सरकारी परीक्षा द्यावी लागे. त्यांच्यासारख्या शिकवणाऱ्या माणसासाठी ती नुसती औपचारिकता होती. त्यांनी ती दिली नाही. पुढेही कधी दिली नाही.

परिणाम असा की गिऱ्हाईक, गवंडी, लोहार, विद्यार्थी, सगळे त्यांना 'प्रोफेस्सोरे' म्हणत. आपल्याकडे गावात मास्तरांना आयुष्यभर मास्तरच म्हणतात, तसंच काहीसं.

४. त्यांच्यावर खटला झाला होता ना?

झाला होता. व्हेनिसच्या आर्किटेक्टांच्या व्यावसायिक संघटनेने परवान्याशिवाय व्यवसाय केल्याबद्दल त्यांना कोर्टात खेचलं. साल १९५६. आणि त्याच १९५६ मध्ये त्यांना वास्तुकलेसाठीचा ओलिव्हेत्ती पुरस्कार मिळाला! एका हाताने पुरस्कार, दुसऱ्या हाताने समन्स. कोर्टाने त्यांना निर्दोष सोडलं.

मला यात संघटना अगदीच खलनायक वाटत नाही. नियम सगळ्यांना सारखा, एवढंच तिचं म्हणणं होतं. फक्त नियम ज्या कामाच्या राखणीसाठी केला ते काम या माणसाच्या हातात सगळ्यात सुरक्षित होतं, हे तिच्या लक्षात आलं नाही.

५. परवाना नाही, मग नकाशे मंजूर कसे व्हायचे?

सोबतीला परवानाधारक सहकारी असत. कागदावर त्यांची सही, कामावर प्रोफेसरांची नजर. हे सहकारी नुसते सहीपुरते नव्हते. वेरोनात त्यांच्यासोबत काम केलेले आर्रिगो रुदी स्वतः चांगले आर्किटेक्ट होते, आणि स्कार्पांच्या मृत्यूनंतर वेरोनाच्या बँकेची अर्धवट इमारत त्यांनीच १९८१ मध्ये पूर्ण केली.

कामगारांशी जुळलेली घडीही तितकीच महत्त्वाची. व्हेनिसमधले झानोन म्हणजे लोहकाम, आन्फोदिल्लो म्हणजे लाकूडकाम, एउजेनियो दे लुईजी म्हणजे चकाकता रंगीत गिलावा. एकच माणसं, वर्षानुवर्षं. स्कार्पा जाड कार्डावर पेन्सिलीने आणि रंगांनी काढत, तोच कागद खोडून पुन्हा काढत, कडेला माणसाची आकृती टाकत, म्हणजे कठडा कमरेला लागतो की छातीला ते कळे. तो कागद घेऊन वर्कशॉपमध्ये जायचं आणि कारागिराने "हे असं वळणार नाही" म्हटलं की तिथेच बदलायचं. आपल्याकडे जुने सुतार जमिनीवर खडूने आराखडा काढून मालकाशी बोलतात, त्याच जातीची ही पद्धत.

६. आपल्याकडे हे चाललं असतं का?

विद्यार्थ्यांचा आवडता प्रश्न. भारतात १९७२ च्या आर्किटेक्ट्स अ‍ॅक्टनुसार कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असल्याशिवाय स्वतःला 'आर्किटेक्ट' म्हणवून घेता येत नाही. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की हा कायदा पदवीचं संरक्षण करतो, डिझाइनचं काम करण्यावर सरसकट बंदी घालत नाही. म्हणजे स्कार्पा पुण्यात असते तर पाटीवर 'आर्किटेक्ट' लिहिता आलं नसतं, पण काम करता आलं असतं. महापालिकेत नकाशा न्यायला मात्र परवानाधारकाची सही शोधावी लागलीच असती. थोडक्यात, व्हेनिससारखंच. परीक्षा टाळायला हे उदाहरण वापरणाऱ्यांसाठी एवढंच: त्यांनी परीक्षा टाळली, अभ्यास टाळला नाही.

७. काचेचं काम म्हणजे नेमकं काय केलं?

व्हेनिसशेजारच्या मुरानो बेटावर काचकामाची शतकांची परंपरा आहे. तिथे स्कार्पांनी १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून आधी कापेल्लिन यांच्या कारखान्यासाठी आणि मग १९३२ ते १९४७ व्हेनिनी कंपनीसाठी डिझाइन केलं. वास्तुकलेतली मोठी कामं यानंतरची. म्हणजे वयाची विशी-तिशी या माणसाने भट्टीजवळ काढली.

त्यांच्या काचेचा एक प्रकार 'बात्तुतो', शब्दशः 'ठोकलेलं'. थंड झालेल्या काचेचा पृष्ठभाग चाकावर घासून त्यावर बारीक बारीक पैलू उठवायचे. पुण्याच्या तांबट आळीत तांब्याच्या घागरीवर मठारकाम करतात ना, हातोडीच्या एकेका ठोक्याची टिकली उठते आणि उजेड तिच्यावर तुटतो? तसं दिसतं. फक्त काच ठोकली तर फुटेल, म्हणून ती घासायची. दुसरा प्रकार 'सोम्मेर्सो': एका रंगाची काच दुसऱ्या काचेच्या जाड थरात बुडवलेली.

पुढच्या इमारतींत दगडाला, सिमेंटला, पितळेला ते हात लावतात तेव्हा उजेड कुठून येणार आणि पृष्ठभाग त्याचं काय करणार हा विचार पहिला असतो. तो धडा भट्टीवरचा आहे, असं माझं मत.

८. शिक्षक म्हणून कसे होते?

व्हेनिसच्या वास्तुकला संस्थेत त्यांनी आयुष्याचा मोठा भाग शिकवलं, आणि १९७२ ते १९७४ या काळात ते संस्थेचे संचालक होते. शिकवण्याची पद्धत बोलण्यापेक्षा काढण्याची. फळ्यावर किंवा कागदावर रेघ ओढत ओढतच मुद्दा पुढे जाई.

विद्यार्थ्यांत सर्वांत गाजलेलं नाव स्वित्झर्लंडचे मारिओ बोत्ता. १९६९ मध्ये त्यांनी स्कार्पा आणि कलेतिहासकार जुझेप्पे माझ्झारिओल यांच्या मार्गदर्शनाखाली पदवी घेतली, आणि पुढे गुरूने जिथे काम केलं त्याच क्वेरिनी स्ताम्पालिया वाड्याच्या दुसऱ्या भागात (प्रश्न ११) स्वतःचं काम केलं.

संस्थेच्या तोलेन्तिनी भागातलं प्रवेशद्वारही स्कार्पांच्याच आराखड्यावरून आहे, पण ते त्यांच्या मृत्यूनंतर, विद्यार्थी सेर्जिओ लोस यांच्या हातून उभं राहिलं. त्यावर 'व्हेरूम इप्सुम फाक्तुम' हे लॅटिन वाक्य आहे: जे आपण घडवतो तेच खऱ्या अर्थाने आपल्याला कळतं. विचार अठराव्या शतकातल्या व्हिको या तत्त्वज्ञाचा. दाराची एक जुनी दगडी चौकट या जागेत सापडली होती. ती भिंतीत बसवण्याऐवजी जमिनीवर आडवी ठेवली आहे आणि तिच्यात पाणी भरलं आहे. पहिल्यांदा पाहिली तेव्हा काम अर्धवट सोडलंय असंच मला वाटलं होतं.

९. एकच इमारत बघायची असेल तर कोणती?

वेरोनातलं कास्तेलवेक्यो. माझं मत आहे, भांडायला तयार आहे.

हा चौदाव्या शतकातला स्कालिजेर घराण्याचा किल्ला, आदिजे नदीच्या काठावर. नेपोलियनच्या काळात फ्रेंच सैन्याने आत बरॅकी बांधल्या. १९२० च्या दशकात किल्ल्याचं संग्रहालय झालं, तेव्हा शहरातल्या पाडलेल्या वाड्यांच्या टोकदार कमानींच्या गॉथिक खिडक्या आणून बरॅकीच्या अंगावर चढवल्या, म्हणजे लोकांना सगळं मध्ययुगीन वाटावं. दुसऱ्या महायुद्धात पडझड झाली. मग संचालक लिचिस्को मागान्यातो यांनी स्कार्पांना बोलावलं. मुख्य काम १९६४ मध्ये खुलं झालं, पण बारीकसारीक कामं १९७० च्या दशकापर्यंत चालूच राहिली.

आत गेलात की आधी खाली बघा. फरशी भिंतीला टेकत नाही. अगदी जवळ येते, तिच्या कडेला फिक्या प्रून दगडाची पट्टी येते, आणि मग एक खाच. खाचेपलीकडे जुनी भिंत. पाण्यावर तराफा राहतो, तशी फरशी त्या खोलीत सुटी तरंगते. सहाशे वर्षांपूर्वीचं कुठे संपतं आणि आजचं कुठे सुरू होतं, हे बोटाने दाखवता येतं. मी तिथे मूर्ती सोडून बराच वेळ खाचेकडेच बघत होतो. रखवालदाराला त्याचं काही नवल वाटलं नाही, असे वेडे रोजच येत असणार.

त्या उसन्या गॉथिक खिडक्यांचं काय केलं? काढल्या नाहीत. त्यांच्या मागे, थोडं अंतर ठेवून, स्वतःची काचेची चौकट उभी केली, आणि तिच्या आडव्या-उभ्या पट्ट्या गॉथिक कमानीशी मुद्दाम जुळवल्या नाहीत. बाहेरून बघताना लगेच कळतं की पुढची भिंत हा पडदा आहे.

आणि मग कान्ग्रांदे. १३२९ मध्ये वारलेल्या या सरदाराचा घोड्यावरचा, हसरा दगडी पुतळा कुठे ठेवायचा यावर स्कार्पांनी कितीतरी रेखाटनं केली. शेवटी जागा निवडली ती खोल्यांबाहेरची: जिथे बरॅकीची इमारत आणि शहराची जुनी तटबंदी यांच्यात फट पाडली आहे तिथे, उंचावर, काँक्रीटच्या पुढे आलेल्या हातावर. चौकातून तो डोक्यावर दिसतो, पुलावरून समोर, वरच्या वाटेने गेलात तर हाताच्या अंतरावर. एकाच पुतळ्याला तुम्ही तीन-चारदा भेटता आणि प्रत्येक वेळी तो दुसराच असतो.

१०. पण तिथे त्यांनी पाडापाडीही केली. मग याला जतन कसं म्हणायचं?

रास्त आक्षेप. कान्ग्रांदेमागची फट आपोआप पडलेली नाही. स्कार्पांनी बरॅकीचा टोकाचा भाग आणि फ्रेंच काळातला जिना पाडला. त्यामुळे तटबंदी मोकळी झाली, आणि बुजवलेला मोर्बिओ दरवाजा व जुना खंदक हाती लागले.

आज कोणत्याही वारसा समितीपुढे हा प्रस्ताव ठेवला तर प्रश्नांची सरबत्ती होईल, आणि व्हायलाच हवी. एकोणिसाव्या शतकातला जिनाही इतिहासच आहे. स्कार्पांची बाजू अशी मांडता येईल: किल्ल्यात वेगवेगळ्या काळांचे थर एकमेकांना इतके चिकटले होते की एकही धड वाचता येत नव्हता, आणि थर सुटे करायचे तर मध्ये कुठेतरी जागा करणं भाग होतं. हा युक्तिवाद मला पटतो, पण एवढ्या मोठ्या हाताने कापायचा अधिकार सरसकट कोणाला द्यावा असं वाटत नाही. आपल्याकडचे वाडे 'स्कार्पा पद्धतीने' खुलवतो म्हणणाऱ्यांनी आधी त्यांची रेखाटनं बघावीत. एकट्या कास्तेलवेक्योची सहाशेहून अधिक आहेत. एवढं काढून झाल्यावर मग कुदळ.

११. व्हेनिसमध्ये त्यांनी भरतीचं पाणी मुद्दाम घरात घेतलं, हे खरं?

खरं. सोळाव्या शतकातला क्वेरिनी स्ताम्पालिया वाडा, सांता मारिया फोर्मोझा चौकाजवळ. तळमजला दर 'आक्वा आल्ता'ला, म्हणजे मोठ्या भरतीला, बुडायचा. संचालक होते प्रश्न ८ मधले माझ्झारिओल. काम १९६१ ते १९६३.

इतरांनी पाणी अडवायचा विचार केला असता. स्कार्पांनी कालव्याकडच्या दारांना जाळीचे दरवाजे लावले, आत दगडी पायऱ्या केल्या आणि पाण्याला त्या पायऱ्यांवरून वर-खाली करू दिलं. माणसांसाठी मात्र उंच केलेली वाट आहे, आणि तिच्या दोन्ही कडांना दगडाचा काठ. ताटाला असतो तसा. पाणी कडेने येतं, तुम्ही ताटात कोरडे.

मागच्या बागेत पाण्याचं दुसरं रूप. छोट्या चक्रव्यूहासारख्या कोरलेल्या दगडातून ते निघतं आणि अरुंद लांब पन्हाळीतून हळूहळू सरकतं. आवाज इतका बारीक की गप्पा थांबवल्याशिवाय ऐकू येत नाही. वाड्यात शिरायचा लहानसा कमानदार पूलही त्यांचाच. पुलावर थांबून कठड्यावर हात ठेवा, लाकूड हाताला कुठे लागतं आणि धातू कुठे सुरू होतो ते समजेल.

१२. सांधा, सांधा काय सारखं म्हणता? स्कार्पांच्या संदर्भात त्याचा अर्थ काय?

दोन गोष्टी भेटतात ती जागा: लाकूड आणि लोखंड, पायरी आणि भिंत, जुनं आणि नवं. बहुतेक बांधकामांत ती जागा लपवतात. पट्टी मारतात, पुट्टी भरतात, प्लास्टर ओढतात. स्कार्पा ती उघडी ठेवतात आणि तिथेच सगळ्यात जास्त कष्ट घेतात. दोन पदार्थ थेट चिकटत नाहीत, मध्ये पितळेचा एक तुकडा येतो, किंवा नुसती सावली.

सर्वात सहज दिसणारं उदाहरण व्हेनिसच्या सान मार्को चौकातली ओलिव्हेत्ती शोरूम, १९५८. टाइपरायटर विकणारं दुकान, जागा लांबुळकी आणि अंधारी. कंपनीचे प्रमुख आद्रियानो ओलिव्हेत्ती यांनी काम दिलं. मध्ये संगमरवरी जिना आहे. पायऱ्या म्हणजे जाड पाट, एकमेकांवर रचल्यासारखे, पण एकही दुसऱ्यावर पुरता बसलेला नाही. काही पाट बाजूला इतके लांब गेलेत की पायरी संपून फळी कधी झाली कळत नाही. खाली काचेच्या तुकड्यांची हाताने बसवलेली फरशी, दुकानाच्या वेगवेगळ्या भागांत वेगवेगळ्या रंगाची, ओली असल्यासारखी चमकणारी. दाराशी काळ्या दगडाच्या उथळ पात्रात पाणी आणि त्यावर आल्बेर्तो व्हियानी यांचं शिल्प. आता तिथे टाइपरायटर विकत नाहीत, ती जागाच बघायला तिकीट काढावं लागतं.

१३. प्रदर्शनांची मांडणी हे आर्किटेक्चर कसं?

चित्र कुठल्या उंचीवर, कोणत्या रंगाच्या भिंतीवर, कुठल्या उजेडात, आणि त्याच्याआधी माणसाने काय पाहिलेलं असावं, हे ठरवणं म्हणजे जागा रचणंच. व्हेनिस बिएनालेत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनात, १९४८ मध्ये चित्रकार पाउल क्लेंच्या चित्रांची मांडणी त्यांनी केली, आणि पुढे बिएनालेच्या बागेत तिकिटघर, शिल्पांचं अंगण आणि व्हेनेझुएलाचं दालन (१९५४ ते १९५६) बांधलं.

पालेर्मोच्या आबातेल्लिस वाड्यातली मांडणी (१९५३-५४) आणि पोसान्योचं कानोव्हा संग्रहालय ही दोन खास. पोसान्योत शिल्पकार कानोव्हाची प्लास्टरची मूळ शिल्पं आहेत, आणि १९५७ मध्ये त्याच्या जन्माला दोनशे वर्षं होत होती म्हणून नवं दालन हवं होतं. पांढऱ्या शिल्पांना सगळे गडद भिंत देतात. स्कार्पांनी पांढरीच दिली. आणि खिडक्या ठेवल्या खोलीच्या वरच्या कोपऱ्यांत, जिथे दोन भिंती आणि छत भेटतात, नेमकी तीच जागा काचेची. अंधार साचायचा तो कोपरा, तिथूनच आभाळ आत येतं.

१४. साडेपाच सेंटिमीटरचं गूढ काय आहे?

त्यांच्या उत्तरकाळातल्या कामात, विशेषतः ब्रिओन दफनभूमीत, काँक्रीटच्या कडांवर पायऱ्यापायऱ्यांची नक्षी आहे. तिचं माप ५.५ सेंटिमीटर. दुप्पट केलं की ११. रोमन लिपीत 'कार्लो स्कार्पा' या नावात अक्षरं किती? अकरा. त्यांना या आकड्याची मौज वाटायची. पण यावर अंकशास्त्राचे इमले रचू नका. साइटवर एकच माप धरलं की सेंट्रिंगवाल्याला, दगडवाल्याला आणि लोहाराला एकमेकांशी जुळवून घेणं सोपं जातं, हे कारण मला जास्त वजनदार वाटतं.

१५. ब्रिओन दफनभूमी एवढी का गाजते? कबरीच आहेत ना शेवटी?

कबरी दोनच ठळक. जुझेप्पे ब्रिओन हे ब्रिओनवेगा या रेडिओ-टीव्ही कंपनीचे संस्थापक. १९६८ मध्ये ते वारले. त्यांचं मूळ गाव सान व्हितो, अल्तिव्होलेजवळ. पत्नी ओनोरिना (हो, स्कार्पांच्या पत्नीचंही तेच नाव, गोंधळू नका) यांनी १९६९ मध्ये स्कार्पांना काम दिलं. गावच्या दफनभूमीला दोन बाजूंनी वेढणारी, काटकोनाच्या आकाराची सुमारे २,२०० चौरस मीटर जागा. काम जवळजवळ त्यांच्या मृत्यूपर्यंत चाललं.

आत शिरताना समोर भिंतीत दोन वर्तुळं, एकमेकांत अडकलेली, एकाच्या कडेला निळ्या फरशा, दुसऱ्याच्या गुलाबी. उजवीकडे पाण्यावरचा एकांत मंडप. त्याकडे जाणाऱ्या वाटेवर काचेचं दार आहे, ते ढकलून उघडत नाही, खाली दाबायचं. ते जमिनीत उतरतं. भिंतीच्या मागच्या अंगाला कप्प्या आणि वजनं लावली आहेत, दार परत वर ओढायला. हे यंत्र मुद्दाम उघडं ठेवलंय.

डावीकडे एक रुंद, बुटकी कमान, पुलासारखी. तिच्याखाली नवरा-बायकोच्या दोन दगडी पेट्या एकमेकींकडे कललेल्या आहेत. भेटायला निघालेल्या दोन माणसांसारख्या. बाहेरची भिंत आत झुकवली आहे. आतून शेतं आणि गावातलं चर्च दिसतं, पण शेतातून आतलं काही दिसत नाही. लहान मुलं तिथे पळताना मी पाहिली आणि कोणी त्यांना हटकत नव्हतं.

२०२२ मध्ये कुटुंबाने ही जागा 'फाई' या इटलीतल्या वारसा जतन करणाऱ्या संस्थेला दान केली. २०२४ मध्ये आलेल्या एका मोठ्या हॉलिवुड विज्ञानपटातही ती झळकली, त्यामुळे गेल्या वर्षा-दोन वर्षांत "तो सिनेमातला राजवाडा कुठे आहे?" हा प्रश्न मला दर महिन्याला येतो. राजवाडा नाही. हीच दफनभूमी.

१६. त्यांचा मृत्यू जपानमध्ये कसा झाला? आणि त्यांना उभं पुरलंय म्हणतात ते?

जपानचं त्यांना फार वेड. पहिल्यांदा १९६९ मध्ये गेले होते. अमेरिकन वास्तुकार फ्रँक लॉइड राइट यांचा त्यांच्यावर मोठा प्रभाव, आणि राइटही जपानी कलेचे भक्त. त्यामुळे ही ओढ त्यांना दोन वाटांनी आली असं म्हणता येईल. १९७८ च्या दौऱ्यात सेंदाईत ते काँक्रीटच्या जिन्यावरून पडले आणि काही दिवसांनी वारले. ज्याने आयुष्यभर पायरीवर इतका विचार केला त्याचा असा शेवट, यावर लोकांनी भरपूर लिहिलंय. मी त्यात भर घालत नाही.

त्यांना ब्रिओन दफनभूमीतच, जुन्या आणि नव्या भागाच्या कोपऱ्यात पुरलं आहे. मध्ययुगीन सरदारासारखं, कापडात गुंडाळून, उभं पुरल्याची गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. गोष्ट म्हणूनच ऐका. वरचा दगड मुलाने, तोबियाने घडवला. व्हेनिसच्या संस्थेने त्यांना मानद पदवी द्यायचं ठरवलं होतं, ती मरणोत्तर मिळाली. प्रश्न ३ मधला परवाना शेवटपर्यंत नाहीच.

१७. तोबिया स्कार्पा, आफ्रा स्कार्पा आणि 'स्कार्पा' बूट यांचा काय संबंध?

तोबिया मुलगा, आफ्रा त्यांची पत्नी. दोघांनी मिळून केलेलं फर्निचर जगभर विकलं गेलं. गुबगुबीत, चुण्या पडलेला 'सोरियाना' सोफा तुम्ही कुठल्यातरी मासिकात नक्की पाहिला असेल. तो वडिलांचा समजून लिहितात, तो मुला-सुनेचा आहे. वडिलांचं गाजलेलं फर्निचर म्हणजे १९६८ चं 'दोजे' टेबल: वर जाड काच, खाली स्टीलच्या पट्ट्या एकमेकींना छेदत गेलेल्या, सगळे सांधे काचेतून दिसणारे.

बुटांशी संबंध नाही. इटालियनमध्ये 'स्कार्पा' म्हणजे बूट, एवढंच.

१८. चार दिवसांत काय काय बघता येईल?

दोन दिवस व्हेनिस: ओलिव्हेत्ती, क्वेरिनी स्ताम्पालिया, तोलेन्तिनीचं दार. बिएनालेच्या बागेतलं काम बघायचं तर प्रदर्शनाचा मोसम असावा लागतो. एक दिवस वेरोना, रेल्वेने. कास्तेलवेक्योला सकाळी जा आणि दुपारी पुन्हा जा, उजेड बदललेला असतो. बँकेचा (प्रश्न ५) दर्शनी भाग तिथून चालत जाऊन बाहेरून बघता येतो. चौथ्या दिवशी पोसान्यो आणि ब्रिओन, दोन्ही आझोलो गावाच्या आसपास. बसेस तुरळक आहेत, दोघं-तिघं मिळून गाडी केलेली बरी. वेळा आणि तिकिटं निघण्याआधी तपासा, संग्रहालयं आठवड्यातून एखादा दिवस बंद असतात. मी स्वतः एकदा बंद फाटकाच्या बाहेर उभा राहून फक्त कडी बघून परत आलो आहे. कडी मात्र सुरेख होती.